फलाटावरचा सत्कार

झाशीचा उन्हाळा हा आमच्या आतोबांचा खासगी शत्रू होता. आत्याचे हे यजमान म्हणजे ओरछा गेटजवळच्या बर्फाच्या कारखान्याचे मालक. पार बबीनाच्या छावणीपर्यंत त्यांचा बर्फ जाई. ऊन तापलं की असा माणूस मनातून सुखावायला हवा. आतोबा मात्र सूर्याकडे डोळे वटारून बघत. पाहुणा उंबऱ्यात आला की ख्यालीखुशाली नंतर, आधी पाणी. पुतणीचं ठरत आलेलं एक स्थळ त्यांनी मोडलं, कारण मुलाकडच्यांनी चहा आधी आणला आणि पाणी मागून दिलं. "जी माणसं पाणी विसरतात, ती पोरीला काय विचारणार?" म्हणाले. पुढे तिला चांगलंच घर मिळालं, म्हणून बरं.

बडा बाजारात त्यांचा दंडकच होता: दुकानापुढे वाटसरूंसाठी पाण्याचा घडा नसेल, तर बर्फ बंद. एक लस्सीवाला काकुळतीला आला, "सेठजी, मुफ़्त का पानी रखूँगा तो लस्सी कौन पिएगा?" "जिसकी जेब भरी है, वो लस्सी पिएगा भैया. बाकी लोग क्या धूप पिएँगे?" दुसऱ्याच दिवशी घडा आला. मग आतोबा रोज सकाळी फेरी मारून प्रत्येक घड्याची चव घेत आणि पोट तुडुंब भरून घरी येत. आत्याचा चहा तसाच निवत राही.

शहराने त्यांचा सत्कार किती वेळा ठरवला, पण दिल्लीकडची गाडी यायच्या सुमारास सत्कारमूर्ती गायब! उन्हाळाभर फलाटावर उभं राहून प्रवाशांना स्वतः पाणी द्यायचं, हा त्यांचा नेम. शेवटी आत्यानेच गळ घातली. "अहो, एकदा तरी तुमच्या खांद्यावर शाल बघू द्या मला." आतोबा विरघळले. गाडी दुपारची, म्हणून समारंभ संध्याकाळी ठेवला. आत्याने पैठणी काढली.

अध्यक्षांचं भाषण ऐन रंगात आलं आणि स्टेशनवरून निरोप आला, गाडी लेट झालीय, आत्ता येतेय. आतोबा गळ्यातल्या हारासकट उठले. "आप बोलते रहिए अध्यक्षजी, मैं अभी आया." आत्याने तबकातली शाल उचलली, टांगा बोलावला आणि म्हणाली, "चलिए, सब स्टेशन चलिए!"

आम्ही पोचलो तेव्हा आतोबा रांजणातून तांब्या भरून खिडक्यांतून बाहेर आलेल्या ओंजळींत पाणी ओतत होते. हार आणि पैठणी बघून एकाने विचारलं, "बाबूजी, शादी है क्या?" "हो चुकी भैया, तुम पानी पियो." आत्याने मागून जाऊन त्यांच्या खांद्यांवर शाल घातली. कशासाठी ते न कळताही अख्ख्या डब्याने टाळ्या वाजवल्या. आत्याच्या डोळ्यांना धार लागली. तेवढ्यात आतोबांनी शाल काढली, बादलीत बुचकळली आणि रांजणाला गुंडाळली.

"अहो, शाल!"

"अगं, पाणी कोमट झालं होतं."

आत्या खळखळून हसली, तिने पदर खोचला आणि दुसरा तांब्या उचलला.

आता आतोबा नाहीत. त्यांची फार आठवण येते. झाशीला गेलो की आत्या दारातच पाण्याचा पेला घेऊन उभी असते. प्रवास कसा झाला, हे नंतर. मी पाणी पिईपर्यंत ती एकटक बघत राहते. तहान नसली, तरी मी तो पेला संपवतो.