गुरूचा फोन आला नाही तो सोमवार

प्रभुलिंग पाण्याला भ्यायचा. नदी लांबच राहिली, पावसाळ्यात भवानी पेठेतल्या गटारी तुंबून रस्त्यावर घोटाभर पाणी साचलं तरी तो कारखान्यातून लांबच्या वाटेनं घरी यायचा. कारणही तसंच होतं. अक्कलकोटकडच्या गावी, तो लहान असताना, त्याचा थोरला भाऊ शिवप्पा बोरी नदीच्या पुरात गेला. सुटलेली म्हैस धरायला शिवप्पा पाण्यात उतरला आणि प्रभुलिंग काठावर उभा राहून बघत राहिला. पुढं गाव सुटलं. सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात तो कापड कापणारा कटर झाला, दाक्षायणीशी लग्न झालं, गुरु जन्मला. भीती मात्र सुटली नाही, उलट पसरत गेली. पोरगं शिंकलं तरी हा त्याला उचलून डॉक्टरकडं धावायचा. मालकानं नुसती हाक मारली तरी नोकरी गेली असं वाटायचं. आणि माणसांत सगळ्यात जास्त तो कुणाला भीत असेल तर दाक्षायणीच्या थोरल्या भावाला, चन्नप्पाअण्णांना. अण्णांचं पेठेत धान्याचं दुकान होतं, लिंगायत समाजात त्यांच्या शब्दाला वजन होतं, आणि रागावले की ते आवाज चढवायच्या ऐवजी एकदम बारीक करायचे.

गुरु डिप्लोमा करून बेंगळुरूला नोकरीला लागला. खोलीत सोबत राहणाऱ्या मुलांबरोबर तो तिथल्या मॉर्मन नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या चर्चमध्ये जाऊ लागला आणि वर्षभरानं घरी येऊन त्यानं सरळच सांगितलं, की मी त्यांचा धर्म घेतलाय. त्यांच्यातली तरुण मुलं दोन वर्षं घरदार सोडून धर्मसेवेला जातात, तसा मी फिलिपिन्सला जाणार. दाक्षायणी भिंतीला टेकून रडली. प्रभुलिंगनं फोनवर नकाशा काढायला लावला. त्यावर जिकडं तिकडं निळंच होतं. मधेमधे कुणी भिजलेल्या भाकरीचे तुकडे टाकावेत तशी जमीन.

आईबापाची भीती जावी म्हणून गुरूनं लॅपटॉपवर एक सिनेमा लावला. चांगला घरगुती सिनेमा होता. त्यात ना मारामारी, ना काही वावगं. पांढरा शर्ट आणि टाय लावलेला एक अमेरिकन पोरगा डोंगराळ मुलुखात सेवेला जातो, तिथली भाषा चुकतमाकत शिकतो, स्वतःचे कपडे स्वतः धुतो, म्हातारीच्या हातचं न आवडणारं जेवण हसत खातो. दाक्षायणी हळूहळू डोळे पुसून बघायला लागली. पण मग त्या डोंगरातल्या नदीला पूर आला आणि पोरगा पलीकडं जायला निघाला. प्रभुलिंग उठला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला. आतून पाण्याचा आवाज येत होता तोवर त्यानं कानावर हात ठेवले. गुरु मागून आला. तो म्हणाला, आमाला पोहायला जायची परवानगीच नसते, नियम हाय तसा. प्रभुलिंगनं मान हलवली. म्हशी धरायलाही परवानगी नसेल का, असं त्याला विचारावंसं वाटलं.

गुरु गेला. जाताना लहानपणापासून गळ्यात असलेलं इष्टलिंग त्यानं आईच्या हातात दिलं आणि ती ते देवघरात ठेवून आपल्या लिंगाबरोबर रोज पूजायला लागली. अण्णांना सांगितलं, की पोराला कंपनीनं परदेशी पाठवलंय. हे खोटं प्रभुलिंगच्या छातीवर धोंड्यासारखं बसलं. अण्णा समोर आले की कंपनीचं नाव विचारतील या धास्तीनं तो पानाच्या टपरीमागं सरकायचा. दर सोमवारी सकाळी गुरूचा व्हिडिओ फोन यायचा. पांढरा शर्ट, छातीवर नावाची काळी पट्टी, शेजारी त्याचा जोडीदार. तो फोन येऊन गेला की प्रभुलिंगला चार घास गोड लागायचे, पुढच्या सोमवारपर्यंत.

दीड वर्ष झालं असेल. एका रविवारी टीव्हीवर फिलिपिन्समधलं वादळ दाखवलं. नारळाची झाडं आडवी, घरांची छपरं पाण्यावर. गावाचं नाव ऐकून दाक्षायणीच्या हातातलं पीठ परातीतच राहिलं. गुरु त्याच बेटावर होता. सोमवारी फोन आला नाही. प्रभुलिंगनं लावला तर नुसती शिट्टी वाजली. गुरूनं अडीअडचणीला म्हणून चर्चच्या कार्यालयाचा नंबर देऊन ठेवला होता. तो लागला, पण पलीकडची बाई भराभरा इंग्रजीत बोलली आणि प्रभुलिंगच्या तोंडून ‘गुरु, माय सन’ याच्यापुढं शब्द फुटेना. त्यानं फोन ठेवून दिला.

नात्यात इंग्रजी येणारं एकच माणूस होतं: अण्णांची मुलगी अक्षता, बँकेत नोकरीला असलेली. दाक्षायणी म्हणाली, "आता अण्णाकडं जावं लागतंय."

दुकानापर्यंतची वाट ती काय, एवढीशी. पण दाक्षायणी पुढं गेली आणि प्रभुलिंग मागं मागं रेंगाळला. शिवप्पा गेला तेव्हा काठावर उभा असलेला पोरगाच पुन्हा चालतोय असं त्याला वाटत होतं. अण्णा ज्वारीच्या पोत्यांपाशी बसले होते. प्रभुलिंगनं बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. धर्म, सेवा, खोटं, वादळ, सगळं एका दमात.

अण्णांचा आवाज बारीक झाला. "दाजी, दीड वर्ष तुमी माझ्या तोंडावर खोटं बोलत होता?"

"व्हय," प्रभुलिंग म्हणाला. "तुमाला भीत होतो."

अण्णांनी हातातली ज्वारी पोत्यात टाकली. मग बहिणीला विचारलं, पोराचं लिंग कुठं हाय? देवघरात, रोज पूजते, असं तिनं सांगितलं. उठून त्यांनी अक्षताला बँकेत फोन केला आणि सुट्टी टाकून ये म्हणून सांगितलं.

अक्षतानं तो नंबर लावला. वादळाआधी सेवेला आलेल्या सगळ्या मुलांना पक्क्या इमारतींत हलवलंय, असं तिकडून कळलं. बहुतेकांचा पत्ता लागला होता. गुरु आणि त्याचा जोडीदार जिथं होते तिथला रस्ताच वाहून गेला होता आणि त्यांच्याशी अजून बोलणं झालं नव्हतं. अक्षतानं आपला नंबर तिथं लिहून घ्यायला लावला आणि हे सगळं जमेल तितकं हळू सांगितलं. प्रभुलिंगला फक्त ‘वाहून गेला’ एवढंच ऐकू आलं. तो दुकानातच खाली बसला. अण्णांनी नोकराला शटर अर्धं ओढायला लावलं आणि त्याच्याशेजारी पोत्याला टेकून बसले. दिवस गेला. दुसऱ्या दिवशीही दोघं तिथंच बसले. कुणी गिऱ्हाईक आलं तर अण्णा हातानंच नाही म्हणायचे. प्रभुलिंगच्या डोळ्यांसमोर शिवप्पाचं डोकं पुराच्या लाल पाण्यात वरखाली होत होतं, आणि मधेच ते गुरूचं व्हायचं.

दुपार कलल्यावर दुकानात आलेल्या अक्षताचा फोन वाजला. अनोळखी नंबर होता. तिनं ऐकलं आणि फोन प्रभुलिंगच्या कानाला लावला.

"अप्पा, मी बरा हाय," गुरु म्हणाला. आवाज तुटत होता. चर्चच्या इमारतीत गावातली माणसं भरली होती, खायला होतं, पण फोनचे टॉवर पडले होते; हा मदतीला आलेल्या लोकांचा सॅटेलाइट फोन होता. मग थांबून त्यानं सांगितलं, की समोरच्या घरातला म्हातारा माळ्यावर अडकला होता, त्याला आणायला आमी दोघं गेलो.

"पाण्यात उतरलास?"

"उतरलो, अप्पा."

प्रभुलिंगला ओरडायचं होतं.

"दोरी बांधली हुतीस का?"

"हुती की. कमरेला. काठावर माणसं धरून हुती."

"मग बरं," प्रभुलिंग म्हणाला, आणि त्याला रडू आवरेना. फोन अण्णांनी घेतला. भाच्याला त्यांनी एवढंच विचारलं, की जेवलास का.

पण अण्णांचा राग काही त्या फोननं गेला नाही. पुढं कितीतरी महिने ते बहिणीच्या घरची पायरी चढले नाहीत. गुरु दोन वर्षं पुरी करून परतला तेव्हा स्टेशनवर अक्षता आली, अण्णा आले नाहीत. घरी मात्र त्यांनी शेंगदाण्याची पोळी पाठवली. गुरु चार दिवस राहून बेंगळुरूला नोकरीवर गेला.

त्याच आठवड्यात कारखान्यात शेजारच्या टेबलावरच्या बिरुदेवनं सहज विचारलं, पोरगं इतके दिवस कुठल्या कंपनीत होतं? प्रभुलिंगच्या मशीनखाली निळ्या कापडाची जाड थप्पी होती. कंपनीत नव्हतं, तो म्हणाला. त्यानं दुसरा धर्म घेतलाय, त्या लोकांच्या सेवेला गेलं होतं. आजूबाजूच्या दोघांतिघांनी मान वर केली. कापड वाकडं कापलं जाईल म्हणून प्रभुलिंगनं मशीन बंद केली, आणि तांब्यातलं पाणी पिऊन पुन्हा चालू केली.