भावजींच्या गाडीचं काळीज

लातूरच्या तुमच्या काकाआजोबांना जगातल्या यच्चयावत वस्तूंचं वय कळतं, एक स्वतःचं सोडून. हे तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे भावजी. कॉलेजात इतिहास शिकवून ते निवृत्त झाले, म्हणजे पगार थांबला. शिकवणं चालूच आहे. त्यांच्याबरोबर कंधारच्या किल्ल्यात जाणं ही शिक्षा आहे. प्रत्येक चिऱ्यावर टिचकी मारून ते राजवट सांगतात, आणि दगड बिचारा हरकत घेत नाही. नांदेडला माझ्याकडे जेवायला बसले की लोणच्याची फोड जिभेवर ठेवून, डोळे मिटून म्हणतात, "वहिनी, हे परवाच्या उन्हाळ्यातलं." मी ते गेल्या महिन्यात घातलेलं असतं, तरी हो म्हणते. इतिहासकाराशी वाद घालायला पुरावा लागतो. माझ्याकडे नुसती बरणी असते.

अशा या माणसाकडे एक करडी अँबॅसडर आहे. माझ्या सासऱ्यांनी ती नवीकोरी घेतली होती. मरणाच्या दारात लोकांना मुलाबाळांची आठवण येते, शेताची येते. आमच्या सासऱ्यांना इंजिनाची आली. भावजींचा हात धरून म्हणाले, "गाडीचं काळीज बदलू नको रे." भावजींनी वचन दिलं आणि पाळलं, म्हणजे आम्हा सगळ्यांकडून पाळून घेतलं. लातूरहून बस जेवढ्या वेळात नांदेडला पोचते तेवढ्या वेळात ही गाडी अर्ध्या वाटेवरच्या अहमदपूरला येते आणि दम खाते. चढ आला की आम्ही उतरून पायी चालतो, आणि वर पोचून तिची वाट बघतो. एका मेस्त्रीनं "दुसरं इंजिन बसवा, सर" म्हटलं, तर त्याचं तोंड बघणं सोडलं. मुलानं गाडी विकायचा विषय काढला, तर त्यालाही तेच. "काय बोलून राहिला तू? बाबांना जबान दिलीय! उद्या म्हणशील, बापालाच विका."

खंडेनवमीला आपल्याकडे विळी, कोयता, शिलाई मशीन पुसून पूजेला मांडतात. भावजी बॉनेट उघडतात. इंजिन पुसतात, मग त्याला तैलरंगाचा नवा हात देतात, जुना रंग न खरवडता. रंग वाळला की त्यावर हळदकुंकू आणि कुंकवाचं स्वस्तिक. इंजिनाच्या अंगावर सपाट जागा तशी एकच, म्हणून स्वस्तिक दरवर्षी तिथंच. माझी जाऊ दारात उभी राहून म्हणते, "बायकोला सणाला साडी न्हाई, अन् ह्या सवतीला दरसाल नवं लुगडं." भावजी ऐकत नाहीत. ते त्या वेळी मंत्र म्हणत असतात.

यंदा नांदेडच्या काही हौशी मंडळींनी जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरवलं. ज्या गाडीत पहिलंच इंजिन शाबूत असेल तिला मोठा मान होता. भावजी आदल्या दिवशीच गाडी घेऊन माझ्याकडे आले. निघाले होते त्याच्याही आदल्या दिवशी, पण ते जाऊ द्या. संध्याकाळी तपासणीसाठी एक परीक्षक अंगणात आले. बोलायला अगदी मऊ माणूस. भावजींनी त्यांना आधी गाडीचा इतिहास सांगितला. मी दोनदा चहा केला. मग भावजींनी इंजिनावर ठोकलेली पत्र्याची नंबरपट्टी दाखवली. "बघून घ्या. कागदावर आहे तोच नंबर."

"पट्टी काढून दुसरीकडं ठोकता येते, सर," परीक्षक म्हणाले. "लोखंड ओततानाच साल उमटवतात, ते मात्र काढता येत नाही. कुठं दिसेना ते. ह्या स्वस्तिकाखाली असावं. खरवडू का?"

"खुशाल खरवडा. माझी काय हरकत?"

पातं फिरलं तसे रंग निघू लागले. चंदेरी, त्याखाली तांबडा, त्याखाली निळा, मधे मधे कुंकवाची पूड. किल्ल्याच्या प्रत्येक थराला राजवट लावणारे भावजी इथं नुसते बघत होते. सगळ्यात खाली एक हिरवा लागला आणि त्याच्याही खालून आकडे वर आले. परीक्षकांनी ते हळूच वाचले. इंजिन गाडीपेक्षा वीसेक वर्षांनी तरुण होतं.

"अशक्य!" भावजी म्हणाले. "बाबांनी बदललं नाही, म्या बदललं नाही. मग काय आपोआप फुटलं का, पालवी फुटल्यासारखं?"

मी मात्र त्या हिरव्याकडे बघत होते. तो रंग बाजारात मिळत नाही; मिळाला तर विकणाऱ्याला धरून नेतील. तुमच्या आईच्या लग्नात आपल्या खिडक्यांना द्यायला म्हणून तुमच्या आजोबांनी उरलेले दोन डबे स्वतःच्या अकलेनं एकत्र केले, त्यातून तो जन्मला. "भावजी," मी म्हटलं, "हा आमच्या खिडक्यांचा रंग आहे."

मग सगळं हळूहळू आठवलं. लग्नाआधी तुमच्या बिलोलीच्या आजोबांना आणायला म्हणून यांनी लातूरहून गाडी मागून घेतली होती. व्याही आले शेवटी बसनं. गाडी रस्त्यात गरम झाली, असं हे घरी म्हणाले होते, आणि "बघतो मी" म्हणून विषय मिटवला होता. त्यानंतर बरेच दिवस ती कुठल्याशा गॅरेजला पडून होती. परत गेली ती इंजिनालाही रंग लावून, चकचकीत होऊन. सासरे तर खूश झाले होते.

"तेव्हा बाबा होते," भावजी म्हणाले.

"होते. अंथरुणावर होते."

भावजी पायरीवर बसले. एवढी वर्षं ज्या काळजासाठी या माणसानं मेस्त्री तोडला, पोराशी अबोला धरला, आम्हाला चढावर चालवलं, ते काळीज त्यांनी वचन देण्याआधीच भंगारात गेलं होतं.

परीक्षक अवघडले. "सर, पट्टी जुळतेय. उद्या दुसरं कुणी खरवडायला येणार नाही. तुम्ही म्हणाल तसं लिहितो."

 भावजींची सगळी ऐट त्या एका उत्तरावर टांगलेली होती, आणि मला, खरं सांगते, त्या क्षणी ते खोटं बोलले असते तरी चाललं असतं.

"लिहा, बदललेलं," ते म्हणाले. "कुणी बदललं ते लिहावं लागतं का?"

"नाही, सर."

"मग लिहू नका. माझा भाऊ आहे तो."

परीक्षक गेल्यावर भावजी उठून गाडीत बसले आणि शेजारचं दार आतून उघडलं. मी जाऊन बसले.

"दादानं मला तरी सांगायचं होतं, वहिनी."

"मला तरी कुठं सांगितलं?"

तुमचे आजोबा कधी खोटं बोलत नाहीत, असं मी तुमच्या आईला सांगत आले. आता रागवावं, तर माणूस या जगात नाही. आजारी बापाला कळू नये म्हणून कुठंकुठं हिंडून त्यांनी हे इंजिन शोधलं असेल, घामाघूम होऊन ती पट्टी ठोकून घेतली असेल, आणि घरी येऊन माझ्यासमोर शांतपणे जेवले असतील. भावजींनी चावी फिरवली. इंजिन दोनदा खोकलं आणि सुरू झालं. कुठं जायचं नव्हतं. तरी भावजींनी ते बंद केलं नाही, आणि मीही बंद करा म्हटलं नाही.