बाबांची कॅसेट

कपाट आवरताना डांबरगोळ्यांच्या वासात मुरलेली ती व्हिडिओ कॅसेट हाताला लागली. नव्वदच्या दशकात बाबांच्या आतड्यात गाठ झाली, तिने वाट अडवली आणि पोट नगाऱ्यासारखं फुगलं. घरात सगळ्यांनी कॅन्सरच धरला होता. इंदूरच्या डॉक्टरांनी पोट न फाडता, छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीतून ऑपरेशन केलं. गाठ चरबीची, साधीच निघाली. घरी सोडताना त्यांनी ऑपरेशनची कॅसेटही दिली. बरे झाल्यावर एका रविवारी बाबांनी टावर चौकातून भाड्याने व्हीसीआर आणला आणि नानाखेड्यातल्या आमच्या घरात अख्खी गल्ली जमवली. पडद्यावर ओलं, गुलाबी काहीतरी हलत होतं, त्यात चिमटे फिरत होते, आवाज अजिबात नव्हता. पोह्यांच्या बशा लोकांच्या हातात तशाच राहिल्या. आई स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही. शेजारच्या भाईसाहबांनी हळूच विचारलं, "इसमें आप कहाँ हैं?" "ये पूरा मैं ही हूँ," बाबा म्हणाले. कुणी हसलं नाही. वर्षभरातच ते हार्ट अटॅकने गेले. लग्नाकार्यात ते कायम वाढपात असायचे, त्यामुळे कुणाच्याच कॅसेटमध्ये ते सापडत नाहीत. बाबा हलताना दिसतील अशी ही एवढीच. आज आईने ती माझ्या हातातून घेतली, पदराने पुसली आणि म्हणाली, "कुठे लावून मिळते का बघ. मी त्या दिवशी पाहिलंच नाही."