मामींचा काठ

समुद्र मी दोनदाच पाहिला आणि शिरूरच्या शाळेत लाटांनी होणारी झीज वर्षानुवर्षं शिकवली. मुलांना त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांनी तर समुद्र एकदाही पाहिला नव्हता. लाट कड्याच्या पायथ्याशी खोबण कोरते, वरचा भाग अधांतरी राहतो आणि एके दिवशी कोसळतो, असं मी फळ्यावर काढायचो. ते घडताना पाहिलं, ते दौंडकडच्या मामांच्या शेतात.

शेत भीमेकाठी, धरणाचं पाणी मागं जिथवर फुगतं तिथं. दिवाळीच्या सुमारास पाणी काठोकाठ असतं आणि दुपारनंतर वारं सुटलं की लाटा उठतात. वीतभरच, पण थकत नाहीत. काळी माती चाटत राहतात. तिथं बसलं की डोळे जड होतात, आपणही थोडे थोडे विरघळतोय असं वाटतं. मध्येच ‘धप्प’ होतं. उसाची एखादी सरी गेलेली असते.

त्याच काठावर मामींची समाधी. दगडी ओटा, वर तुळस.

यंदा शेजारच्या पुढाऱ्यानं आपल्या काठाला काँक्रीटची भिंत घातली. उद्घाटनाला फेटे, ढोल, ड्रोन. “भीमामाईला आपण शिस्त लावली,” तो भाषणात म्हणाला. भीमामाईनं शांतपणे ऐकून घेतलं. मग भिंतीवर आपटलेलं पाणी तिच्या टोकाला वळलं आणि मामांच्या मातीत शिरलं. समाधीखाली खोबण पडली, अगदी माझ्या फळ्यावरच्यासारखी.

मी म्हणालो, “मामा, समाधी विहिरीपाशी हलवू. दिवाळीपर्यंत टिकायची नाही.”

“मास्तर हायस का जोशी?”

“नाहीतर तो शेजारी भिंत वाढवून देतो म्हणतोय.”

“आन् तिच्या उशाला सोताच्या नावाची पाटी लावंल. जित्तेपणी तिनं त्याला दारात उभं केलं न्हाई.”

ऊन उतरलं, पाणी दुधाळ झालं, पलीकडचा काठ दिसेनासा झाला. मामांनी पाण्याच्या मध्यावर बोट रोखलं.

“थितं तिचं म्हायेर हुतं. धरणात गेलं, तवा नवी नवरी हुती ती. भाऊ कुठं लांब उठून गेले. दिवाळी आली की हितं येऊन बसायची. न्यायला मुराळी कवा आलाच न्हाई.”

काठ खचायला कारणं तीनच: वारा, उतार आणि मातीचा पोत. पाणी कुणाला न्यायला येत नाही, हे मला पाठ होतं.

“आता आलाय,” मामा म्हणाले, “तर आडवायचा व्हय? जा, सूनबाईला हाक मार. खण-नारळ आण म्हणावं, सासूची ओटी भरायची हाय. रिकाम्या ओटीनं कुणी म्हायेरी धाडतं का?”

मी घराकडं निघालो. मागं लाटा माती चाटत होत्या. घाई त्यांनाही नव्हती.