अर्जदाराने स्वतः हजर राहून

आता ज्याला गोंदिया जिल्हा म्हणतात तो मुलूख तेव्हा भंडाऱ्यात मोडायचा. मी तिथल्या एका लहान तुरुंगात कारकून होतो. कुठल्या, ते सांगत नाही. माझ्याबरोबर काम केलेल्यांची लेकरंबाळं अजून त्या गावात आहेत, आणि जे झालं त्यातला मोठा वाटा माझा आहे.

देशाची राज्यघटना लागू होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. माघात आमच्याकडे एक कैदी आला. चिचगडच्या बाजूचा, दुसऱ्याची धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, ठेक्यानं करणारा. जंगलातून लाकूड तोडलं म्हणून दीड वर्षाची सजा. लाकूड तोडलं होतं हे तो कबूल करायचा. पण आदल्या भादव्यात पकडल्यावर पोलीस चौकीत एका जमादारानं त्याचा उजवा हात उंबऱ्यावर ठेवून दाराची फळी त्यावर लोटली होती. तीन बोटं मोडली. ती तशीच वाकडी जुळली.

तो माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा असेल. तरी मी त्याला अरे-तुरेच करायचो, तुरुंगात तीच रीत होती.

एक दिवस तो माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला.

"बाबूजी, मले दावा लावाचा हाय. त्या जमादारावर."

"तू सजेतला माणूस. तू कसला दावा लावतोस?"

"सजा लाकडाची हाय. बोटाची सजा कोन्या कायद्यात हाय, सांगा."

वकील करायची त्याची ऐपत नव्हती, आणि त्याच्या बायकोनं ज्या दोघा वकिलांचे पाय धरले त्यांनी पोलिसाचं नाव ऐकून हात झटकले होते. तो चौथी शिकलेला होता. म्हणाला, मीच लिहितो, मीच बोलतो.

डाव्या हातानं लिहायला शिकायला त्याला महिना लागला. रोज दुपारी गिनती झाली की भिंतीशी बसून पाटीवर गिरवायचा. मग त्यानं चार पानांचा अर्ज लिहिला. अक्षर वेडंवाकडं, पण मजकूर सरळ. कोण, कुठे, केव्हा, कोणासमोर, सगळं होतं. मी तो कोर्टाकडे पाठवला. पंधरा दिवसांनी परत आला. पेन्सिलीनं लिहिलेला अर्ज चालत नाही. कैद्याला शाईची दौत द्यायची तर आमच्याकडे मनाई. शेवटी जेलरसाहेबांच्या परवानगीनं तो माझ्या टेबलाशी, शिपायाच्या पहाऱ्यात, शाईनं सगळं पुन्हा लिहू लागला. त्याला तीन दिवस लागले.

तोही परत आला. सरकारी नोकरावर दावा, तर आधी सरकारला दोन महिन्यांची नोटीस हवी. नोटीस दिली. दोन महिने कोणीच काही कळवलं नाही. त्यानं मात्र एकेक दिवस मोजला.

तिसऱ्यांदा मी स्वतः कोर्टात गेलो. कोर्ट फीचा स्टँप परवडत नाही म्हणून हा नादारीचा अर्ज होता. शिरस्तेदारानं चष्मा वर करून पुस्तक उघडलं आणि माझ्यापुढे सरकवलं. तिथे लिहिलं होतं की नादारीचा अर्ज अर्जदारानं स्वतः हजर राहून द्यायचा.

"अहो, तो तुरुंगात आहे," मी म्हटलं.

"मग सुटल्यावर देऊ दे."

"तोवर मुदत संपेल. वर्षाच्या आत दावा लागतो ना?"

"तर मग कोर्टाकडून सूट मागा."

"सूट कशी मागायची?"

"अर्ज करून." आणि तो हसला. त्याच्या हसण्यात वाईटपणा नव्हता. वीस वर्षं तो हेच वाचत आला होता.

जेलरसाहेब म्हणाले, "कोर्ट का हुक्म लाओ, मैं आज ही भेज देता हूँ. बिना हुक्म के एक कदम नहीं."

कोर्ट म्हणे, आमच्यापुढे अर्जच नाही, तर हुकूम कशावर देऊ?

मी हे कैद्याला सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजे दाराच्या आतून दार ठोकाचं नाई, अन् भायेर याचं नाई. काऊन बनवला असा कायदा?"

मी पुस्तकं चाळली, दोन दिवस खपून तुरुंगातर्फे कोर्टाला एक वेगळं पत्र तयार केलं. कैद्याला एक दिवस हजर करायचा हुकूम व्हावा, इतकंच. जेलरसाहेबांनी बरेच दिवस लावले, पण सही केली. आता ते फक्त टपालात टाकायचं होतं.

त्याच दुपारी घरून सांगावा आला. धाकट्या बहिणीला पाहायला पाहुणे येणार होते. मी रजा टाकली, घाईघाईनं पत्र खणात ठेवलं आणि कुलूप लावून गेलो. बहिणीचं ठरलं. साखरपुडा उरकूनच परत ये, असं वडील म्हणाले. खणातलं पत्र मला तिथे एकदाही आठवलं नाही. परतलो तेव्हा अकरा दिवस झाले होते. पत्र होतं तिथेच होतं. मी ते टाकलं आणि कोणाला काही बोललो नाही.

हुकूम आला. एका सकाळी त्याला हातकडी घालून, दोन शिपायांबरोबर मोटारीनं कोर्टात नेलं. कागद घेऊन मीही गेलो. बायको आधीच येऊन आवारातल्या चिंचेखाली बसली होती. तिनं त्याच्यासाठी धुतलेला सदरा आणला होता, पण हातकडीमुळे तो घालता आला नाही. मग तिनं तो त्याच्या खांद्यावर टाकला.

मुन्सफ तरुण होते. त्यांनी चारही पानं वाचली. हात दाखवायला सांगितला. पाहून त्यांनी मान खाली घातली. मग तारखा मांडल्या, नोटिशीचे दोन महिने वजा केले, पुन्हा मांडल्या.

"नऊ दिवस उशीर आहे," ते म्हणाले.

"साहेब, मी बंदी होतो."

"तुरुंगात असणं हे उशिराचं कारण कायदा धरत नाही. मला करता येण्यासारखं काही नाही."

अर्ज नामंजूर. सगळं मिळून पाव तास लागला नसेल. बायको दाराशी उभी होती. तिला काय झालं ते समजलं नाही, आणि तिला सांगायला कोणी थांबलं नाही.

परतताना तो माझ्या समोरच्या बाकावर होता. बाहेर धान कापणीला आला होता, बाया बांधीत उतरल्या होत्या. तो तिकडेच पाहत होता. मध्येच म्हणाला, "बाबूजी, नऊ दिवस कोठी गेले?"

मी म्हणालो, "टपालात."

त्यानं मान हलवली. त्याला ते पटलं. माझ्यावर त्याचा विश्वास होता.

सजा पुरी होऊन तो सुटला तेव्हा मी रजेवर होतो. ती रजा मी मुद्दाम घेतली होती.

काही वर्षांनी महाशिवरात्रीला आमच्याकडच्या प्रतापगडच्या जत्रेत त्याची बायको दिसली. मी तोंड फिरवलं, पण तिनं ओळखलं आणि वाट काढत आली. ठेक्याची बांधी सुटली होती. वाकड्या बोटांत विळा धरवत नव्हता. आता तो एका मालकाच्या शेतावर मचाणावर बसून डुकरं हाकलायचा.

"कागद पाह्यला का उठून जाते तो," ती म्हणाली. "पोराच्या शारेचा असला तरी. बोलत बी नाई कोनासंग. पन तुमचं नाव काढते कदी कदी. म्हनते, तेवडा एक मानूस होता."

खणातल्या पत्राचं सांगून टाकावं असं ओठापर्यंत आलं. तेवढ्यात तिच्याबरोबरच्या बायांनी तिला हाक मारली.

"येतो मी," ती म्हणाली, "घरी या एकदा. त्याले बरं वाटल."

मी होकार दिला. गेलो नाही.