बेरितची अडलेली सही

बेरित ओस्टलुंड हिने एकतीस वर्षे नोर्विकच्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची अंगे पुसली आणि त्या अवधीत एकाही विद्वानाला तिचे मत घ्यावेसे वाटले नाही. वृद्धांची देखभाल करणाऱ्या परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, समाजसेवक यांच्यासाठी विद्यापीठ पदव्युत्तर अभ्यासक्रम आखू लागले, तेव्हा कुठे समितीत 'प्रत्यक्ष कामातले' कोणी हवे म्हणून तिला बोलावले. तिने एवढेच मागितले: विद्यार्थ्यांनी, आणि त्यांच्या शिक्षकांनीही, बारा आठवडे आश्रमात राबावे, मगच प्रबंध लिहावेत. बैठकीत ते एकमताने मंजूर झाले.

इतिवृत्त आले, त्यात 'दोन अभ्यासभेटी' होत्या. लिहिणारे समितीचे अध्यक्ष, प्राध्यापक तोर्केल हेडवाल. त्यांची आई तीन वर्षे बेरितच्या हातून जेवली. चिरंजीव नाताळला फुलांची कुंडी ठेवून जात.

पण इतिवृत्त तपासून सही करणारा सभासद बैठकीच्या आरंभीच निवडतात, आणि ते कंटाळवाणे काम सर्वांनी हसत हसत बेरितच्या गळ्यात घातले होते. तिच्या सहीवाचून तो कागद रद्दी होता, आणि त्याच्यावाचून शुक्रवारी विद्यापीठाच्या परिषदेपुढे अभ्यासक्रम जाणार नव्हता.

गुरुवारी तोर्केल दालचिनीचे गोड बनपाव घेऊन आश्रमात हजर झाले.

"अगं बेरित, तुझी एक सही तेवढी राहिलीय."

"आत्ता आंघोळी चालल्यात. बस तिथं."

तिने त्यांना तासभर बसवले. सावकाश हात पुसत बाहेर आली.

"मंजूर झालं ते यात नाही, तोर्केल."

"अगं, शिकलेली माणसं पुन्हा डायपर बदलायला येतील होय? एक वर्ग भरणार नाही!"

"मग बैठकीत बोलायचंस. तेव्हा तर नंदीबैलासारखा मान डोलावत होतास."

"तुझं नाव घालतो ना, सल्लागार म्हणून. ठळक अक्षरात."

"नाव घाल चुलीत. मला बारा आठवडे हवेत."

"दोन वर्षांची मेहनत बुडेल गं!"

"बुडू दे. तुझ्या आईला एक घास उतरायला पाच मिनिटं लागायची. ते तुला दोन भेटींत कळलं असतं का रे? तू तर कुंडी ठेवून दारातूनच परतायचास."

तोर्केल लालबुंद झाले. मग खिशातून पेन काढून त्यांनी ती ओळ खोडली आणि मंजूर झालेली शब्दशः लिहिली. बेरितने दोनदा वाचून सही केली. बनपावांना हात लावला नाही.

सप्टेंबरात शिक्षकांच्या पाळ्या लावण्याचे काम ओघानेच तिच्याकडे आले. पहिला सोमवार, सकाळी सहा, आंघोळी: तोर्केल हेडवाल. पुढचे अकरा आठवडेही तिने तीच पाळी त्यांनाच दिली.