बदली झाली की घेतली

पोळ्यानंतरचा रविवार होता, रायपूर नव्या राज्याची राजधानी होऊन चौथं वर्ष लागलेलं. घरात आम्ही तिघं होतो: मी, पत्नी आणि कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असलेली आमची मुलगी. बूढ़ापारा मोहल्ल्यातल्या दुकानातून तिनं दोन सिनेमांच्या सीडी आणल्या होत्या, भाडं वीस रुपये. मानसशास्त्राच्या वर्गासाठी तिला त्यांवर चार पानं लिहायची होती. दोन्ही सिनेमे सूडाचे, आणि सूड घरातल्या घरात उगवलेला. पहिल्यात एक बहीण दुसरीचं ठरलेलं लग्न तीनदा मोडते. तो मी अर्ध्यावर सोडून उठलो.

दुसरा मात्र तिघांनी पूर्ण पाहिला. परदेशी होता, हिंदीत डब केलेला. एक मुलगा म्हाताऱ्या बापाला आपल्या घरी आणतो. जेवण, औषध, अंघोळ, सगळं घड्याळाप्रमाणे. शेजारी त्याचं कौतुक करतात. अशी अकरा वर्षं जातात. शेवटी कळतं की या सगळ्या काळात तो बापाशी एक शब्दही बोललेला नाही. शेजाऱ्यांना भिंतीपलीकडून ऐकू येणारं बोलणं रेडिओवरचं होतं. लहानपणी बापानं त्याला शिक्षा म्हणून असंच अबोल्यात ठेवलं होतं.

जेवायला बसल्यावर त्यावरच बोलणं सुरू झालं.

"अकरा वर्षं म्हणजे चार हजार दिवस," मी म्हणालो. "याला नोकरीवरून रजा कोण देत होतं?"

"पापा, हर पिक्चर का ऑडिट मत किया करो."

"मराठीत," पत्नी म्हणाली. ताटावर मराठीच बोलायचं, हा आमच्या घरचा नियम आहे. नाहीतर मुलीच्या तोंडून मराठी कधी निघालीच नसती.

मुलीनं शब्द जुळवले. "तो मारत नाही, ओरडत नाही. सेवा करून करून त्यानं बापाची बदली घेतली."

पत्नीला हसू आवरेना. "बदली नाही वो माय, बदला! बदली तर तुझ्या पापानं घेतली होती."

मुलीचा घास हातातच राहिला. "घेतली? पापाची तर झाली होती ना?"

सरकारी नोकराच्या घरात हा फरक कोणाला शिकवावा लागत नाही. वरून येते ती बदली होते. आपण अर्ज करून मागतो ती घेतली जाते. पत्नीनं वाटी उचलली आणि ती स्वयंपाकघरात गेली.

मी मुलीला खरं सांगितलं. राज्य वेगळं झालं तेव्हा आम्ही जबलपूरला वडिलांजवळ राहत होतो. कोणाला कुठं जायचं त्याचा विकल्प लिहून द्यायचा होता. तिथं राहणं शक्य होतं. मी रायपूर लिहिलं आणि घरी येऊन सांगितलं, बदली झाली, माझ्या हातात काही नाही; खरं फक्त पत्नीला माहीत होतं. वडील एकटे मागे राहिले.

"काहून?"

त्याच्या आठ वर्षं आधी आई गेली, तेव्हा मी खात्याच्या परीक्षेसाठी ग्वाल्हेरला होतो. ती नऊ दिवस इस्पितळात होती. वडिलांनी मला कळवलं नाही. मी परतलो तो तिसऱ्या दिवशी, अस्थी गोळा करायला. "तुझी परीक्षा होती," एवढंच ते म्हणाले. त्यांनी मला न विचारता ठरवलं होतं, म्हणून मीही त्यांना न विचारता ठरवलं.

"आप कितनी बार गए, यहाँ आने के बाद?" नियम ती विसरली होती. मीही आठवण दिली नाही.

"तीनदा. मिळून सात दिवस."

त्या रात्री तिनं ती चार पानं लिहिली. त्यांवर काय लिहिलं, ते मला दाखवलं नाही.

शनिवारची रजा टाकून मी कटनीला गाडी बदलून जबलपूरला गेलो. वडील ओट्यावर बसून मेथी निवडत होते. वय शहात्तर. मी चप्पल काढली आणि तिथंच सांगून टाकलं. आत गेलो असतो तर तब्येतीच्या चौकशीतच दोन दिवस गेले असते.

"बाबा, माझी बदली झाली नव्हती. मी मागितली होती."

"मले मालूम आहे," ते म्हणाले. "तुमच्या हापिसातला बाबू पेन्शनच्या रांगेत भेटला होता. त्याच महिन्यात."

"मग बोलले काहून नाही?"

"काय बोलू? आपल्या पोट्ट्याले आपल्यापासून दूर जायचं हाय, हे लोकांच्या तोंडून आयकल्यावर?" मेथीची काडी त्यांनी दोनदा मोडली. "तुझ्या मायच्या वेळी मी तार कराले गेलो होतो. फॉर्म भरला. मग वाटलं, तार केली म्हणजे ती मरतेच. फॉर्म खिशात घालून वापस आलो. दुसऱ्या दिवशीही तसंच. परीक्षेचं मले मागून सुचलं."

इतकी वर्षं मी ज्याला त्यांचा निर्णय समजत होतो, तो निर्णय नव्हताच. ते घाबरले होते. हे मला आधी कळलं असतं तर मी काय केलं असतं, याचा हिशेब मी नंतर पुष्कळदा मांडून पाहिला. दर वेळी उत्तर वेगळं येतं.

"रायपूरले चला," मी म्हणालो.

"कायमचा येत नाही. दिवाळीपर्यंत येतो. पोट्टी बोलते का माझ्याशी मराठीत?"

"ताटावर बोलते."

"मग ताटावरच बसून राहीन."

निघताना त्यांना डबा देणाऱ्या दीदी आल्या. महिन्याचे सहाशे ठरलेले होते आणि अजून अकरा दिवस उरले होते. मी त्या दिवसांचे दोनशेवीस वजा करून तीनशेऐंशी काढले. वडिलांनी माझा हात धरला. "पूर्ण दे. मी आधी सांगून नाही चाललो तिले." मी दीदींच्या हातात सहाशे रुपये ठेवले.